खुणेची भाकरी

मी बाजरीच्या भाकरीला ओळखीची खूण म्हणून तीळ लावले. तेही भोगीच्या दिवशी.

एवढं वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल, माझ्या अकलेची खोली त्यांना कळलीच आहे. ज्यांना आलं नाही, म्हणजे माझी नातवंडं, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, घरोघर बाजरीची भाकरी होते आणि तिच्यावर तीळ असतातच. त्या दिवशी तीळ लावून आपली भाकरी ओळखायची म्हणजे इंदापूरच्या बाजारात जाऊन ‘इथं कुणी पागोटंवाला बघितला का हो?’ असं विचारायचं. पण मी तेव्हा विशीतली होते. मिशनच्या बोर्डिंगात शिकून सातवीची फायनल पास झाले होते. फायनल झालेल्या माणसाला आपल्याला काय माहीत नाही तेवढंच माहीत नसतं. बोर्डिंगात नाताळ होता, ईस्टर होता, मडमेचा वाढदिवस होता, भोगी नव्हती. लग्नानंतरची पहिली भोगी आली तेव्हा मी तापानं अंथरुणात होते. भाकरी तर मी लग्नानंतर थापायला शिकले. शिकले हा माझा शब्द. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, त्याबद्दल काही बोलत नसत. ते नुसते सावकाश चावत.

ही भानगड ज्यांच्यामुळं झाली ते आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. नाव सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी त्यांचा फोटो शोधून देवळात टांगेल, आणि त्यांना भिंतीला टांगलेलं काहीच आवडत नसे. पंचांगासारखं वाटतं म्हणत. सगळे त्यांना पाळकआबा म्हणायचे. एकोणीसशे तीस साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. बारामतीच्या कडेला, कालव्याच्या अलीकडं, आमचं कौलारू देऊळ होतं. दारात कडुनिंब आणि त्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवला की उपासना सुरू. आबा तो स्वतः वाजवायचे आणि वाजवताना कडुनिंबाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘या की आत’ म्हणायचे. बकऱ्या हाकणाऱ्याला म्हणायचे, फौजदाराच्या शिपायाला म्हणायचे, एकदा तर नरसिंहपूरला नवस फेडायला निघालेल्या बैलगाडीला म्हणाले. गाडीवान म्हणाला, “आमी नरसोबाला निगालोय.” आबा म्हणाले, “मग पाणी तरी पिऊन जा. नरसोबा तहानलेलं माणूस बघून रागावंल.” माणसं उतरली, पाणी प्यायली, एक गाणं ऐकलं नि गेली. त्यावर आमच्या कारभाऱ्यांनी आठवडाभर कुरकुर केली.

कारभारी म्हणजे मंडळीतले पहिले वडील, म्हणजे चर्चचे मुख्य पंच. त्यांच्या बापानं भागात सगळ्यात आधी बाप्तिस्मा घेतला होता, आणि कारभारी हे असं सांगत की जणू नदीच त्यांच्या बापाच्या परवानगीनं वाहत होती. त्यांची बायको अक्का. मंडळीतल्या बायकांची लष्करी अधिकारी.

आबांना मिशननं एक सायकल दिली होती. बारामतीपासून इंदापुरापर्यंत गावं फिरायची म्हणून. आबा ती सायकल वर्षानुवर्षं हातानं ढकलत नेत. बसत कधीच नसत. येत नव्हती म्हणून, असं आमचे मास्तर म्हणायचे. आबांना विचारलं तर म्हणायचे, “बसलो की भुर्रकन पुढं जातो. मग माणसं कुठं भेटणार?” सायकलच्या दांडीवर कुणाचं गाठोडं, कॅरिअरवर कुणाची म्हातारी, हँडलला कुणाची कोंबडी उलटी लटकलेली. लांबून बघितलं तर सायकल दिसायचीच नाही. बिऱ्हाडच चाललंय असं वाटायचं.

आबा मूळचे कुठल्या जातीचे, हे कुणाला माहीत नव्हतं. आणि हे माहीत करून घेतल्याशिवाय आमच्या लोकांना अन्न गोड लागत नव्हतं. ख्रिस्ती झालो तरी काय झालं! आमच्या मंडळीतली बहुतेक घरं महारवाड्यातून आलेली, माझे आजोबासुद्धा. मागून चार-दोन घरं मांगवाड्यातून आली, दोर वळणाऱ्यांची. सगळ्यांच्या डोक्यावर तेच पाणी पडलं. पण त्या दोन वाड्यांच्या मधली वाट चालत चालत देवळात आली आणि दोन सतरंज्यांच्या मधोमध ठाण मांडून बसली. पुढची सतरंजी आमची. दाराजवळची फाटकी सतरंजी त्यांची. असं कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायला लागतंय कशाला!

तर आबांची जात. एकदा अक्कांनी सरळ विचारलं, “आबा, तुमी मूळचे कोन?”

“मूळचा? मूळचा मी मातीचा. उत्पत्तीच्या पुस्तकात लिवलंय.”

“तसं न्हवं. आई-बाप?”

“आई-बाप बी मातीचेच. परत तितंच गेले.”

दुसऱ्या कुणी विचारलं तर आणखी काही सांगायचे. विचारणारा ज्या जातीला नाक मुरडायचा, नेमकी तीच सांगायचे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला दुसरीच. शेवटी लोकांनी एकत्र बसून सगळ्या जाती जुळवल्या, तर आबा अर्ध्या जिल्ह्याचे जातभाई निघाले.

घरोघर फिरायची त्यांची पद्धतही अशीच तिरपागडी. गावात शिरले की आधी मांगवाड्यात जायचे, तिथं पाणी प्यायचे, चहा असेल तर चहा. मग आमच्याकडं यायचे आणि उंबऱ्यातून ओरडायचे, “आत्ताच मांगवाड्यातल्या पारूकडं पाणी पिऊन आलोय बरं का! तुमचं भांडं बाटत आसंल तर आधी सांगा, मी वंजळीनं पितो.” आता यावर कोण काय बोलणार? ‘छे छे, असं काय आबा’ म्हणत पेला पुढं करायचा. ते गेले की मी तो पेला राखेनं घासायची. पाळकांनी प्यायलेला पेला राखेनं घासायचा, आणि संध्याकाळी हार्मोनियमवर ‘आम्ही सारे एक’ म्हणून गायचं. मला दोन्ही छान जमायचं.

इंदापूरच्या बाजारात दुसऱ्या एका मिशनचा उपदेशक असायचा. मिशनांनी आपसांत गावं वाटून घेतली होती, म्हशी वाटून घेतात तशी. हे गाव तुमचं, ते आमचं. त्यात त्यांचा नि आमचा बाप्तिस्म्यावरून वाद. आम्ही डोक्यावर पाणी शिंपडायचो. ते माणसाला कालव्यात सबंध बुडवायचे. आमचे कारभारी म्हणायचे, “माणूस हाय का कपडा?” आबा मात्र बाजारात त्या उपदेशकाच्या पुढ्यात जाऊन बसायचे आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायचे. तो बिचारा घाबरायचा. मग एका वर्षी गाळ काढायला कालवा बंद केला आणि नेमकं त्याच्याकडं एक कुटुंब बाप्तिस्म्याला तयार. बुडवणार कशात? आबांनी आमच्या देवळातला पितळी तांब्या सायकलला बांधला, इंदापूरपर्यंत ढकलत नेला आणि त्याच्या हातात दिला. परत आल्यावर कारभाऱ्यांनी विचारलं, “आपला तांब्या त्यांला? का म्हनून?”

“आवो, पाणी आसंपर्यंत भांडता येतं. आटल्यावर काय करता?”

पण सगळ्यात मजा उपासनेत यायची. आबांचं एक लहान टेबल होतं, त्यावर बायबल आणि प्रभुभोजनाचा पेला. ते टेबल आधी पूर्वेच्या भिंतीला होतं. आमची सतरंजी अर्थातच त्याच्यापुढं. एका रविवारी आम्ही आत येऊन ऐटीत बसलो, आणि बघतो तर आबा टेबल उचलून दाराकडं चाललेले. दाराशी मांडलं आणि म्हणाले, “आज इकडून.” झालं! मागचे पुढं आले, पुढचे मागं गेले, आणि आम्हाला सबंध उपासना मान वळवून ऐकावी लागली. पुढच्या रविवारी कारभाऱ्यांनी हुशारी केली. आपली सतरंजी आधीच दाराजवळ अंथरली. आबांनी टेबल उत्तरेच्या खिडकीशी नेलं. त्याच्या पुढच्या रविवारी कारभाऱ्यांनी आबा येईपर्यंत बसायचंच नाही असं ठरवलं आणि सतरंजीची गुंडाळी बगलेत धरून उभे राहिले. आबा टेबल घेऊन एकदा इकडं गेले, एकदा तिकडं गेले. कारभारी त्यांच्यामागं. अख्खी मंडळी बघत होती. शेवटी आबा टेबल खाली ठेवून म्हणाले, “कारभारी, बसा आता. तुमाला चक्कर यायची, आन् मला हसू.”

त्या दिवसापासून टेबल खोलीच्या मधोमध राहिलं आणि मंडळी भोवती गोल. पुढं-मागं काही उरलं नाही. उरलं ते एवढंच, की गोलातही आमची सतरंजी आणि त्यांची सतरंजी यांच्यामध्ये हातभर जमीन उघडी राहायची. त्या जमिनीला आबा ‘तांबडा समुद्र’ म्हणायचे, बायबलात मोशेनं दुभंगून वाट केली तो.

पारूबाई त्या पलीकडच्या सतरंजीवर बसायची. दोर वळून हाताला घट्टे पडलेली, बोलायला कमी, दोन मुली. नवरा वारल्यावर ती मंडळीत आली होती, आणि त्यापायी दिरानं तिला घराबाहेर काढलं होतं. आदल्या वर्षी नव्या सालाच्या पहिल्या आठवड्यात प्रीतिभोजन झालं. नाव प्रीतिभोजन, पद्धत अशी की प्रत्येकानं आपापली भाकरी आणायची आणि आपापल्या घोळक्यात बसून खायची. पारूबाईनं हौसेनं जास्तीच्या भाकऱ्या केल्या होत्या. फडक्यात बांधून सगळ्यांपुढं धरल्या. कुणाचं पोट भरलं होतं, कुणाचा दात दुखत होता. मी ‘मला बाजरी उष्ण पडते’ म्हणाले आणि तिच्यादेखत अक्कांच्या बाजरीच्या भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. भाकऱ्या फडक्यात तशाच घरी गेल्या.

यंदा प्रीतिभोजन जवळ आलं तेव्हा पारूबाई आबांना काय म्हणाली ते त्यांनी मला आणि मास्तरांना सांगितलं. एरवी गोष्ट सांगताना आबांचे डोळे हसायचे. त्या दिवशी हसत नव्हते. ती म्हणाली होती, “आबा, ह्या खेपंला माजी भाकरी माघारी आली, तर म्या बी माघारी जाईन. दिराच्या पाया पडंन, पोरींना घिऊन तितं ऱ्हाईन. मला तितं बी कुनी इचारत न्हाय, पर तितं कुनी मला बहीन तरी म्हनत न्हाय.”

“मी तिला सबूद दिलाय,” आबा म्हणाले. “भाकरी माघारी जानार न्हाय.”

मास्तर म्हणाले, “आबा, लोकांना जबरदस्तीनं कसं खायला घालणार?”

“जबरदस्ती कशाला? भूक हाय की.”

पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं: यंदा प्रीतिभोजन भोगीला. भाकऱ्या सगळ्या एका दुरडीत जमा करायच्या, दुरडी फिरेल, हाताला येईल ती घ्यायची. कारभारी उठले. “परक्याच्या सणाला आपलं भोजन? तीळ-बीळ आपल्यात कशाला?”

“का? तीळ देवानंच केले ना? तिसऱ्या दिवशी. माणूस सहाव्या दिवशी झाला. तिळाचा मान थोरला हाय, कारभारी.”

त्या आठवड्यात कालव्यावर धुणं धुताना अक्कांनी आम्हा बायकांना जमवलं. “दुरडीत टाकू की. आबांचं मन कशाला मोडा? पर ज्येनं त्येनं आपल्या भाकरीला खून करा. आन् आपली आपन वळखून उचला.” सगळ्यांना पटलं. अक्कांनी बांगडीची कड दाबायचं ठरवलं. कुणी अंगठा, कुणी नखाची फुली. मी माझी खूण सांगितली नाही. खूण सांगितली तर खूण कसली? मला बोर्डिंगात शिकवलेलं एवढं तर कळत होतं! ‘तीळ आपल्यात कशाला’ असं कारभारीच म्हणाले होते, तेव्हा ते दुसरं कोण लावणार? घरी येऊन मी डब्यातले तीळ काढले आणि माझ्या बुद्धीवर इतकी खूश झाले की पीठ मळताना गुणगुणत होते.

भोगीच्या दुपारी मंडळी गोल बसली. मधे मातीच्या मोठ्या भांड्यात भोगीची भाजी, वांगी, गाजरं, सोलाणे, घेवडा, तिळाचं कूट. वास असा की प्रार्थना लवकर संपावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. आबांनी ती लांबवली. भूक हाय की, म्हणाले होते ना. मग दुरडीवरचं फडकं काढलं.

आणि बघते तर काय! दुरडीभर भाकऱ्या आणि एकूण एक भाकरीवर तीळ. वर तीळ, खाली तीळ, जणू दुरडीला गोवर निघाला होता. आमच्या लोकांनी धर्म बदलला होता, पण चुलीला कुणी बाप्तिस्मा दिला नव्हता. अक्कांची बांगडी भाकरी फुगल्यावर कुठल्या कुठं गेली होती. नखाच्या फुल्या तिळांखाली गाडल्या होत्या. दुरडी फिरू लागली तशी प्रत्येक बाई त्यात नाक घालून बघू लागली.

मी तर आत हातच घातला. एक उलटली, दुसरी पालटली. आबा पलीकडून म्हणाले, “बाई, भाकरी हाय ती. कासारापुढं बसल्यावानी काय निवडताय?”

सगळे हसले. मी घाईनं एक उचलली. छान पापुद्रा सुटलेली, मऊ, खमंग. माझीच, असं मी मनाला सांगितलं. मनानं शंका काढली, की तुझी भाकरी आजवर कधी फुगली होती का? मी म्हटलं, आज फुगली असेल, प्रार्थनेनं. आणि मोठ्यानं म्हणाले, “अक्का, मिळाली मला! ही माझी!”

अक्कांना त्यांची मिळाली नव्हती. कुणालाच मिळाली नव्हती. अक्का हळूच माझ्याजवळ सरकल्या. “मास्तरीनबाई, मग त्यातलीच दी मला अर्दी. तुजी हाय म्हनजे चालंल.” मग शेजारणीनं चतकोर मागितला. तिच्या जावेनं मागितला. कारभाऱ्यांनी हात पुढं केला. मी दात्या कर्णासारखी तुकडे मोडत सुटले. दुरडी परत आली तेव्हा तशाच दिसणाऱ्या आणखी दोन उचलल्या, म्हटलं याही माझ्याच, आणि पुढची अख्खी सतरंजी जेवू घातली. अक्का भाजीत तुकडा बुडवत म्हणाल्या, “बया गं, हात हाय का लोनी! बोर्डिंगात शिकीवत्यात व्हय हे?”

“थोडंसं,” मी म्हणाले, आणि मान खाली घालून लाजलेसुद्धा.

माझ्या शेजारी आमचे मास्तर जेवायचे थांबले होते. त्यांनी तुकडा दातांखाली धरला, मग माझ्याकडं बघितलं. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं. त्यांचे दात फसणार नव्हते.

एवढ्यात तांबड्या समुद्रापलीकडून पारूबाई बोलली. आवाज चढा नव्हता. “बाई, ती माजी हाय.”

सगळ्यांची तोंडं थांबली.

“आमची भाकरी भाजायची खापरी एका कडंनं फुटल्याली हाय. जाळ तितनं वर येतो. भाकरीला कडंनं करपल्याली कोर पडती. बगा.”

माझ्या हातात शेवटचा तुकडा होता. मी बघितलं. अक्कांनी बघितलं. कडेला काळीभोर चंद्रकोर. तीळ बघण्याच्या नादात कुणाला ती दिसलीच नव्हती.

अक्कांच्या तोंडात घास तसाच. गिळवेना, थुंकवेना. कारभाऱ्यांनी हात झटकला आणि माझ्याकडं वळले. “बाईंनी मगाशीच सांगितलं न्हवं, माजी म्हनून? मग बाईंचीच. आवो, करपती कुनाची बी. काय बाई? तुमचीच हाय का न्हाय?”

त्यांचा आवाज मऊ होता. पुढच्या सतरंजीवरचे सगळे डोळे माझ्याकडं लागले होते आणि सगळे एकच मागत होते. मी नुसती मान हलवायची होती. मग सगळ्यांनी माझीच भाकरी खाल्लेली राहणार होती आणि पारूबाईची कुणीच नाही. आणि खोटं कशाला सांगू, माझी मान खाली जायला निघाली होती. पारूबाईनं ते बघितलं. तिनं आपलं फडकं उचललं, झटकलं, घडी घालायला लागली आणि धाकटीला म्हणाली, “ऊठ.”

मी आबांकडं बघितलं. हा माणूस झोपेतसुद्धा बोलायचा, आणि आता छपराची कौलं बघत होता. म्हटलं, आता काय करायचं ते सांगा की! त्यांनी नुसती आपल्या हातातली भाकरी, दुरडीतून त्यांना मिळालेली, तोंडाशी नेली आणि दातांनी तोडायला गेले.

कट्कन आवाज झाला. भाकरी शाबूत होती. आबांनी गाल धरला.

ती माझी होती. तीळ लावलेली, वाटोळी, जात्याच्या तळीसारखी. आबांनी ती डोळ्यांसमोर धरून अशी काही बघितली, की मोशेला दहा आज्ञांच्या दगडी पाट्या मिळाल्या तेव्हा त्यानंही बघितलं नसेल. आणि मला हसू फुटलं. दाबायला गेले तर नाकातून आलं. पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. त्या हसण्यातच माझ्या तोंडून निघालं, “पारूबाईंची आहे. आपण सगळ्यांनी खाल्ली ती पारूबाईंची. माझी ती, आबांच्या हातातली.”

“दात सांगतात,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “तीच.”

मग मात्र कुणाला आवरलं नाही. पारूबाईच्या थोरल्या मुलीनं आधी सुरुवात केली आणि हसू गोलभर फिरलं. पारूबाई हसली नाही. फडक्याची घडी हातात घेऊन ती अक्कांकडं बघत उभी होती. अक्कांनी डोळे मिटले आणि घास गिळला.

“आता पोटात कुठली भिंत घालू?” अक्का म्हणाल्या. “पारू, बस खाली. आजून हाय का त्यातली?”

पारूबाईनं क्षणभर वाट बघितली. मग दुरडीतून आपली भाकरी शोधून काढली, तिला शोधावी लागली नाही म्हणा, आणि उघड्या जमिनीवर पाय ठेवून आमच्या सतरंजीपाशी आली. अक्कांनी हातात घेतली.

कारभारी उठले. पागोटं नीट केलं आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली पाठ करून बसले. त्यांच्यामागं आणखी दोघं गेले. सगळंच काही एका दुपारी मिटत नाही. कारभारी पुढं ईस्टरपर्यंत देवळात आले नाहीत, आणि आले तेव्हा टेबल कुठं आहे ते आधी दारातून बघून घेतलं. पण त्या दुपारी त्यांना उपाशी ठेवणं आबांना बरं वाटेना. त्यांनी माझी भाकरी भाजीसकट बाहेर नेली. “कारभारी, ही खात्रीनं मास्तरीनबाईची. हिला कुनाचा इटाळ व्हायचा न्हाय. आत काय शिरतच न्हाय हिच्या.” कारभारी तत्त्वाचे पक्के. त्यांनी ती सगळी खाल्ली. झाडाखालून बराच वेळ आवाज येत होता.

आबांनी मुद्दाम भोगी निवडली का? मी त्यांना नंतर कितीदा विचारलं. ते म्हणायचे, “मला काय ठावं बाई, मला भाकरी थापता येती व्हय?” दोन-तीन वर्षांनी मिशननं त्यांची दूर बदली केली. जाताना निम्मी बारामती निरोपाला आली होती. त्यात ख्रिस्ती कोण नि बाकीचे कोण हे मोजायला कारभारीही विसरले. आबा स्टेशनापर्यंत सायकल ढकलत गेले. गाडीतही ती आपल्या शेजारी घ्यायचा त्यांचा हट्ट होता, आणि गार्डाशी भांडताना ते अतिशय आनंदात होते. पुन्हा भेट झाली नाही.

मला आठवते ती त्याच भोगीची संध्याकाळ. भांडी घेऊन आम्ही बायका कालव्यावर गेलो. मी वाकून रिकामी दुरडी विसळत होते. पारूबाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि मातीचं भांडं घासायला लागली. मला वाटलं, आता ही ऐकवणार, आणि ऐकवलं तर ऐकून घ्यायचं. तिनं भांडं पालथं घातलं, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली,

“बाई, येत्या ऐतवारी माज्या शेजारी बसा. जागा धरून ठिवते. पर घरनं भाकरी तेवडी आनू नगा.”